क्रूझवर स्वतःची वाईन न्यायचं ‘परमिट’ कुणी विकत असेल तर हे वाचा

आधीच सांगतो, क्रूझचं तिकीट खरं होतं. जहाज खरं, केबिन खरी, बुकिंग नंबर क्रूझ कंपनीच्या साईटवर टाकला तर आमची चौघांची नावं स्पेलिंगसकट बरोबर येत होती. तिकीट खोटं असतं तर माणूस सावध तरी झाला असता. इथं खऱ्या तिकिटाला खोटी शेपटं जोडली होती आणि पैसे गेले ते त्या शेपटांचे. आपल्या मराठवाड्यातून हल्ली सिंगापूर, पेनांग, फुकेत करणारी मंडळी बरीच वाढलीत, लग्नाचे वाढदिवस, रिटायरमेंट, कुणी ग्रुपनं, म्हणून सगळं लिहून काढतोय.

दाजी अंबाजोगाईचे, कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. सीताफळाचा विषय निघाला की त्यांच्या अंगात येतं. बीडच्या सीताफळाला २०१६ ला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला पण सांगतात. तर ताई-दाजींच्या लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं आणि ते दोघं असं क्रूझला जायचं ठरलं, संभाजीनगरात सिडकोकडं एका एजंटकडं बुकिंग केलं, एसी ऑफिस, भिंतीवर जहाजांचे मोठमोठे फोटो, चहा नको म्हणलं तरी येतोच. तिथं गप्पांच्या ओघात दाजी बोलून गेले की जहाजावर वाढदिवसाच्या दिवशी आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं काहीतरी पाहिजे होतं राव, हे फ्रान्स-बिन्सचं काय रोजचंच आहे. (रोजचं कुणाचं, ते सोडा.)

एजंटनं तिथंच धरलं. म्हणाला, “सर, सीताफळाची वाईन नेता का? आपल्याकडं एक पार्टी आहे, लिमिटेड माल काढतात, एक्स्पोर्टला जातो.” दाजींचा चेहरा असा खुलला की मी मधी बोलायचं पण विसरलो. बाटली २,८०० रुपये, चार बाटल्या. मग म्हणे साधी वाईन चालते पण फळाची वाईन ‘स्पेशल कॅटेगरी’त जाते, तिला जहाजावर न्यायला परमिट लागतं, बाटलीमागं ४,५००. आणि वर सिंगापूर कस्टमचं डिपॉझिट २०,०००, परत आल्यावर रिफंड. बेरीज करा, ४९,२०० होते. सगळं यूपीआयनं. परमिट म्हणून व्हॉट्सअपवर एक पीडीएफ आली, वर जहाजाचं चित्र, खाली निळा गोल शिक्का, त्यात नांगर, ‘आयएमओ अप्रूव्हड’ असं लिहिलेलं आणि ‘पोर्ट कॅप्टन’ची सही. दाजींनी कलर प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातली.

आता खरं काय असतं ते इथंच सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. बऱ्याच मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्या चढायच्या दिवशी प्रत्येक मोठ्या माणसाला ७५० मिलीची एक सीलबंद वाईन किंवा शॅम्पेनची बाटली आणू देतात. आम्ही चौघं, बाटल्या चार! म्हणजे वाईन परवान्याची, नीट लेबलची असती तर आमच्या जहाजाच्या नियमात ती तशीच बसत होती, एक रुपया न देता. केबिनमधी प्याली तर बहुतेक ठिकाणी काही नाही, डायनिंग हॉलमधी उघडली तर कॉर्केज (बाहेरची बाटली उघडायचे पैसे) लागतं, साधारण १५ ते २५ डॉलर बाटलीमागं, आणि ते तिथंच तुमच्या जहाजावरच्या खात्यात चढतं. आधी भरायचं नसतं, त्याचं सर्टिफिकेट नसतं, एजंटकडून तर नसतंच. काही कंपन्या बाहेरची दारू अजिबातच येऊ देत नाहीत, मग तिथं कुणीबी परमिट दिलं तरी उपयोग नाही. हे सगळं कंपनीच्या साईटवर फुकट लिहिलेलं असतं. आणि आयएमओ म्हणजे संयुक्त राष्ट्रांची समुद्री वाहतुकीची संस्था, लंडनला आहे, जहाजांची सुरक्षितता आणि समुद्रातलं प्रदूषण हा त्यांचा विषय. अंबाजोगाईच्या दाजींच्या बाटल्यांशी त्यांना काय देणंघेणं.

कस्टमचं पण तसंच. सिंगापूरला १८ वर्षांवरचा माणूस मलेशिया सोडून दुसरीकडून येत असेल आणि ४८ तास तरी सिंगापूरच्या बाहेर राहिलेला असेल तर त्याला माणशी २ लिटरपर्यंत दारू ड्युटी न भरता नेता येते. त्याच्यावर असेल तर विमानतळावर स्वतः जाहीर करून ड्युटी भरायची. टुरिस्टकडून आधी भारतात डिपॉझिट घ्यायची भानगडच नाही. विमानाचं म्हणाल तर चेक-इन बॅगेत २४ टक्क्यांपर्यंतच्या दारूला मर्यादा नाही, २४ ते ७० टक्क्यांची माणशी ५ लिटर, ७० च्या वर बंद. पण त्यासाठी बाटलीवर टक्का छापलेला तर पाहिजे ना! आमच्या बाटलीवर तोच नव्हता.

एजंटनं अजून एक गोष्ट ठासून सांगितली होती, बाटल्या मोठ्या सुटकेसमधीच ठेवा, हातात नेऊ नका, परमिट असल्यावर कुणी विचारत नाही. हे पण उलटं. वाईन हातातल्या सामानात न्यायची असते म्हणजे तपासणीत दाखवता येते. मोठ्या बॅगा टर्मिनलवर टॅग लावून देऊन टाकाव्या लागतात, त्यांची एक्सरे होते आणि त्या संध्याकाळपर्यंत आपोआप केबिनच्या दाराशी येतात. मरीना बे क्रूझ सेंटरवर आम्ही तसंच केलं, जहाज सुटलं, आजूबाजूच्या सगळ्यांच्या बॅगा आल्या, दाजींची नाही. रात्रीच्या जेवणाला घालायचे कपडे त्याच बॅगेत, ताई प्रवासातल्याच ड्रेसवर बसून. मग केबिनमधी चिठ्ठी, खालच्या डेकवर सिक्युरिटीकडं या.

ती खोली डोळ्यासमोरून जात नाही. जप्त केलेल्या इस्त्र्या, एक्स्टेन्शन बोर्ड, कुणाची व्हिस्की, आणि मधल्या स्टीलच्या टेबलावर आमच्या चार बाटल्या ओळीनं. एका बाटलीचा बूच अर्धा वर सरकलेला, मानेवरून चिकट ओघळ खाली लेबलावर आलेला आणि लेबलाची शाई पसरून ‘बालाघाट रिझर्व’ मधलं ‘रिझर्व’ वाचताच येईना. ऑफिसर बाई तमिळ असाव्यात, फार अदबीनं बोलत होत्या. बाटली उलटी करून टॉर्च मारला तर तळाचा तपकिरी गाळ वर उठला. “अंकल, हू मेड दिस?” दाजींनी जीआयपासून सुरुवात केली. बाईंनी ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी, मग टक्का कुठं लिहिलाय विचारलं, बनवणाऱ्याचा पत्ता विचारला, आणि शेवटी म्हणाल्या होममेड चालत नाही. तेव्हा दाजींनी फोल्डर काढला. त्यांनी तो कागद उजेडात धरला, शेजारच्या माणसाला दाखवला, तो हसू दाबत दुसरीकडं बघायला लागला. “सर, वुई डोन्ट इश्यू दिस. नोबडी इश्यूज दिस.”

नीट सीलबंद बाटली जास्तीची असली तर ते ठेवून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. आमची घरगुती धरली म्हणून फॉर्मवर सही घेऊन नष्ट केली. दाजी वर येताना एक शब्द बोलले नाहीत, ताईच बोलत होती आणि ती काय बोलत होती ते इथं लिहीत नाही.

एजंटनं एक छोटी बाटली ‘सॅम्पल’ म्हणून दिली होती ती घरी फ्रीजमधी होती. परत आल्यावर आधी ती बाहेर काढली. उघडली तर सीताफळ रबडीत घालतात त्या इसेन्सचा वास, खाली साखर, आणि फेस येतच राहिला. नाशिकच्या एका वायनरीत काम करणाऱ्या मित्राला फोटो पाठवले तर तो म्हणाला सीताफळाची वाईन करणं मुळातच किचकट काम आहे, गर लगेच काळा पडतो, गरम केला की कडवट होतो, आणि यात गोडी आणि यीस्ट दोन्ही शिल्लक ठेवून बूच मारलेलं दिसतंय, म्हणजे आत परत आंबतंय, अशी बाटली बॅगेत फुटू पण शकते. मग लेबल पाण्यात भिजवलं. ते सुटून आल्यावर खाली दुसऱ्याच लेबलाचा गोंद आणि कागदाचे तुकडे. भंगारातली बाटली धुऊन भरलेली. लेबलावर एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या मालाच्या सरकारी परवान्याचा नंबर होता, मोजला तर १३ आकडे, खरा १४ आकडी असतो. दारूच्या बाटल्यांना पण हा नंबर लागतो, शिवाय टक्का, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता आणि आरोग्याचा इशारा. हे सगळं असलेली फळाची वाईन महाराष्ट्रात मिळते बरं का, पालघरकडं चिकूची होते, पुण्याकडं मधाची मीड होते, रीतसर परवान्यानं. म्हणजे वेगळी वाईन न्यायची दाजींची हौस काही चुकीची नव्हती.

आता खरी गंमत. वाईनचे पैसे ‘पार्टी’ला आणि परमिटचे पैसे ‘शिपिंग डिपार्टमेंट’ला असे दोन वेगळे क्यूआर कोड एजंटनं दिले होते. पोरानं स्टेटमेंट काढून बघितलं तर दोन्हीकडं बँकेतलं नाव एकच, आणि आडनाव एजंटचं.

फोन केला तर आधी “सर मी मीटिंगमधी आहे”, मग “रिफंड प्रोसेसमधी आहे”, मग एक दिवस आवाजच बदलला. म्हणाला, तक्रार करा खुशाल, पण बिनपरवाना दारू विकत घेऊन परदेशात नेली कुणी? उत्पादन शुल्कवाले आधी तुमच्या दारात येतील, सर तर मास्तर माणूस, पेपरात नाव येईल. दाजी तिथंच गार झाले. म्हणाले सोडून द्या, गेले पैसे. मला वाटतं या धंद्याचा खरा पाया हाच आहे, माल असा विकायचा की गिऱ्हाईकाला ओरडायचीच लाज वाटावी. त्याला पक्कं माहीत असतं कोण बोलणार नाही.

आमच्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडं दाजींना जवळपास ओढत नेलं. ते म्हणाले महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली परवान्याशिवाय दारू बनवणं, विकणं गुन्हा आहे, म्हणजे सगळ्यात आधी घाबरायला पाहिजे ते त्यानं, तुम्ही तर लेबल बघून, बिल घेऊन, दुकानदारीच्या जागेवरून घेतलीय. (बिलावर त्यानं ‘फ्रूट बेव्हरेज’ लिहिलं होतं, ते पण आता त्याच्याच गळ्यात.) आणि खोट्या परमिटचे पैसे घेणं ही सरळ फसवणूक, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. धमकीचा तो फोन दाजींच्या मोबाईलवर आपोआप रेकॉर्ड झाला होता, ते ऐकून वकीलसाहेब भलतेच खूश झाले.

पोलिसांत अर्ज दिलाय, उत्पादन शुल्क विभागाला सॅम्पलच्या बाटलीसकट दिलाय, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, एजंटच्या गावी खेटे मारायची गरज नाही, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे. यूपीआयनं पैसे गेले आणि लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा, तिथं जितकं लवकर तितकं पैसे अडवायची शक्यता जास्त. आमचं प्रकरण जुनं झालं होतं, तो रस्ता बंद झालेला.

पैसे अजून एक रुपया आलेला नाही. ऑफिस चालू आहे, बोर्डवरचं नाव तेवढं बदललंय. मधी लातूरच्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन आला, ते त्याच एजंटकडून दिवाळीत क्रूझला चाललेत आणि त्यानं त्यांना सांगितलंय की घरचा फराळ न्यायचा तर स्पेशल परमिट लागतं, डब्यामागं पैसे. घरी केलेले पदार्थ बऱ्याच जहाजांवर चालतच नाहीत. त्यांना म्हणलं पैसे देऊ नका, आधी ती पीडीएफ पाठवा. आली. निळा शिक्का तोच, नांगर तोच, पोर्ट कॅप्टनची सही पण तीच, आणि तिसऱ्या ओळीत ‘वाईन’ खोडून ‘फराळ’ टाकताना ७५० मिली तसंच राहिलंय.