पार्ट नंबरचा रकाना मी रिकामा सोडला

आधीच सांगून टाकते, या बाबतीत मी अडाणी नाही. ऑफिसात किंवा नात्यात कुणाला कॉम्प्युटरचं काही घ्यायचं असलं की फोन मलाच येतो. म्हणून तर हे लिहायला तीन आठवडे लागले. लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा राग जास्त आहे, म्हणून लिहितेय.

घ्यायची होती रॅम. डीडीआर5 (रॅमची एक पिढी), 16-16 जीबीच्या दोन पट्ट्या, 6000 स्पीड, सीएल30 (मागितलेली माहिती द्यायला रॅम किती ठोके थांबते तो आकडा, कमी तेवढा बरा). व्हिडिओ एडिटिंगला जुनी रॅम पुरत नव्हती. त्यात 2025 च्या अखेरीस मेमरीचे भाव कसे चढले ते सगळ्यांनी पाहिलंय. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलायचा आणि आपण रोज सकाळी कालच्यापेक्षा वाढलेला आकडा बघत बसायचं. पैशातली रक्कम सांगत नाही, चार दिवसांत ती शिळी होईल. नावाजलेल्या ब्रँडच्या अशा किटचा, म्हणजे दोन पट्ट्यांच्या जोडीचा, त्या दिवशीचा भाव 100 धरा आणि पुढचे आकडे त्या हिशेबाने वाचा.

मी तक्ता केला होता. हो, रीतसर तक्ता, अकरा किटचा. क्षमता, स्पीड, सीएल, व्होल्टेज, वॉरंटी, जीबीमागे किंमत. नुसत्या सीएलला भुलू नये म्हणून लेटन्सी, म्हणजे थांबण्याचा प्रत्यक्ष वेळ, नॅनोसेकंदात काढायचा रकानासुद्धा होता: सीएल गुणिले 2000, भागिले स्पीड. 6000 ला सीएल30 म्हणजे 10 नॅनोसेकंद, 4800 ला सीएल40 म्हणजे 16.67. बहुतेक किट 97 ते 103 मध्ये होती. साधी 4800 ची नवी किट 68 ला मिळत होती. आणि सातव्या ओळीत हे किट: 6000, सीएल30, किंमत 79.

हा 79 नीट बघा. 40 असता तर मी ढुंकूनही पाहिलं नसतं, तुम्हीही पाहिलं नसतं. आताच्या भामट्यांना ते पक्कं ठाऊक आहे. "जुना स्टॉक, जुन्या भावात" असं खाली लिहिलं होतं आणि भाव रोज चढत असताना ते पटण्यासारखंच होतं. मला तरी पटलं.

माझ्या तक्त्यात पार्ट नंबरचाही रकाना होता, म्हणजे कंपनी प्रत्येक मॉडेलला देते त्या क्रमांकाचा. दहा ओळींत भरलेला. सातव्या ओळीत मी लिहिलं होतं, "नंतर". कारण विक्रेत्याने तो दिलाच नव्हता. पार्ट नंबर नसेल तर ती पट्टी तक्त्यात घेऊच नका. बाकीचे सगळे रकाने विक्रेता स्वतःच्या हाताने टाइप करतो. कंपनीच्या साइटवर जाऊन पडताळता येतो तो फक्त पार्ट नंबर.

पण खरी चीड त्याची नाही. खरी चीड फोटोची.

चार फोटो होते. तिसऱ्यात पट्टी तिरपी धरलेली, काळ्या हीट स्प्रेडरवर (पट्टीवरच्या धातूच्या कवचावर) पांढरं स्टिकर आणि त्याच्या तळाच्या ओळीत बारीक अक्षरांत पीसी5-38400. मी तो फोटो मोठा करून पाहिला होता. नक्की आठवतं, कारण पट्टी धरणाऱ्याच्या अंगठ्याचं नख मध्येच चिरलेलं होतं आणि मला कसंसंच झालं होतं. नख बघितलं. आकडा बघितला नाही. पीसी5 पुढचा आकडा स्पीडच्या आठपट असतो. 38400 भागिले 8, झाले 4800. तिसरीतलं गणित! 6000 ची पट्टी असती तर तिथे 48000 हवं होतं. घाईत दोन्ही आकडे सारखेच दिसतात, असं मी घरच्यांना सांगितलं. दिसत नाहीत. मला बघायचं नव्हतं, कारण 79 डोक्यात बसला होता.

माल आला. चकाचक खोका, सील वगैरे. पट्ट्या बसवल्या, मशीन सुरू झालं, 32 जीबी दिसली. स्पीड 4800 दाखवत होतं, पण त्यात काही वावगं नाही. एक्सएमपी प्रोफाइल (पट्टीतच भरून ठेवलेली जादा स्पीडची सेटिंग) चालू करेपर्यंत डीडीआर5 मूळच्या कमी स्पीडवरच चालते. प्रोफाइलच्या यादीत 6000 सीएल30 होतंही. ते चालू केलं आणि स्क्रीन काळी. थांबले, कारण डीडीआर5 पहिल्यांदा जुळवून घ्यायला वेळ खाते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. काही नाही.

मग चार रात्री मी स्वतःलाच दोष देत घालवल्या. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं, स्लॉट बदलले, एकेक पट्टी लावून पाहिली. मदरबोर्डवर संशय घेतला, बिचाऱ्या प्रोसेसरवरही घेतला. एकदाचं 6000 वर सुरू झालं तेव्हा मेमटेस्ट86 हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं, काही मिनिटांत चुकांच्या लाल ओळींचा पाऊस. 4800 वर तेच रात्रभर चाललं, एकही चूक नाही. मग सीपीयू-झेड हे मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून दोन्ही पट्ट्यांची माहिती शेजारी शेजारी ठेवली. सिरियल नंबर एकच. दोन वेगळ्या पट्ट्या आणि नंबर एकच, शेवटच्या अक्षरापर्यंत. पट्टीवरच्या ज्या चिपमध्ये ही माहिती असते ती 1024 बाइटची आणि तिच्यातला काही भाग पुन्हा लिहिता येतो. एक्सएमपी 3.0 मध्ये तर दोन प्रोफाइल वापरणाऱ्याने स्वतः भरायची म्हणूनच ठेवलेली असतात. म्हणजे सॉफ्टवेअर 6000 दाखवतं म्हणून पट्टी 6000 ची आहे असं अजिबात समजू नका.

शेवटी नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरं स्टिकर. त्यावर पीसी5-38400. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी टोकांवर ओरखडे, म्हणजे आधी कुणाच्या तरी मशीनमधून काढलेल्या. वापरलेल्या 4800 च्या पट्ट्या, नव्या 6000 च्या नावाने.

तो बारावा दिवस होता. परत करायची मुदत 10 दिवस. (पहिल्याच दिवशी टेस्ट लावा. खोका फोडतानाचा व्हिडिओ काढा. मी दोन्ही केलं नाही.)

आता तक्रारीची कहाणी. विक्री मंचाच्या मदत कक्षाशी सहा वेळा बोलले, सहा वेगळी माणसं, प्रत्येकाला तेच फोटो पुन्हा. पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, कॉम्प्युटर सुरू होतो का?" हो. "32 जीबी दिसते का?" हो. "मग वस्तू चालू स्थितीत आहे." तिकीट बंद. एकाने तर मला शिकवलं की एक्सएमपी म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मूळपेक्षा जास्त स्पीडने चालवणं, त्याची हमी नसते. अरे, पण जाहिरातीत ठळक अक्षरांत 6000 लिहून पैसे घेतले ते कशाचे? आणि सिरियल नंबरचं काय? स्टिकरखालच्या स्टिकरचं काय? त्यावर उत्तर: "स्टिकर तुम्ही काढल्यामुळे वॉरंटी रद्द झाली आहे." हे वाक्य मी अजून झोपेत ऐकते. शेवटी सद्भावना म्हणून 5 चं कूपन दिलं, त्याच मंचावर खर्च करायचं.

ज्या ब्रँडचं नाव स्टिकरवर होतं त्यांनी कळवलं की हा सिरियल नंबर आमच्या नोंदीत नाही. म्हटलं, हे लेखी द्या. लेखी देत नाही म्हणाले. बँकेने कार्डाचे पैसे परत मिळवायला तज्ज्ञाचं लेखी मत मागितलं. ते कोण देणार? पोलिसांत गेले तर तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, चोरी काय झाली? मग कागदावर वजाबाकी केली: दिले 79, असा माल 68 ला मिळतो, म्हणजे नुकसान 11. "11 साठी एवढं?" वापरलेला माल नवा म्हणून विकला, बनावट स्टिकर लावलं, चिपमध्ये खोटं लिहिलं, याचा त्यांच्या वजाबाकीत पत्ताच नाही. खोका रिकामा आला असता तर कदाचित ऐकलं असतं. वस्तू चालते हाच माझा गुन्हा ठरला.

आणखी एक, सीपीयू-झेडमध्ये 2400 दिसलं की "दुप्पट करा मॅडम" असं विक्रेता सांगतो, आणि ते खरंच असतं, तिथे स्पीडच्या निम्मा आकडा दिसतो. पण दुप्पट करून 4800 येतात. 6000 ला 3000 दिसायला हवं. तसंच "ईसीसी" (मेमरीतल्या चुका सुधारायची सोय) लिहून जास्त पैसे मागणाऱ्यांपासूनही सांभाळा. प्रत्येक डीडीआर5 चिपमध्ये स्वतःपुरती ऑन-डाय, म्हणजे चिपच्या आतली, ईसीसी असतेच, सर्व्हरवाली ईसीसी वेगळी.

त्या पट्ट्या अजून मशीनमध्येच आहेत, 4800 वर. नव्या घ्यायला गेले तर आता 79 ला काहीच मिळत नाही.

परवा पुन्हा भाव बघत होते. विक्रेता दुसऱ्या नावाचा, किंमत 84. तिसरा फोटो तोच. तेच चिरलेलं नख. फक्त स्टिकरची तळाची ओळ आता कापलेली आहे.