आइसक्रीम वेलीचं रोप: दावा खरा, पण पहिल्या वर्षी नाही

‘पाणी फार लागत नाही’ असं सांगून नर्सरीत आइसक्रीम वेलीचं (अँटिगोनॉन लेप्टोपस) रोप दिलं जातं. मूळची मेक्सिकोची ही वेल कोरड्या हवेत तग धरते ती जमिनीतल्या कंदाच्या जोरावर. पिशवीतल्या रोपाचा कंद अजून पोसलेला नसतो. त्यामुळे पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यावंच लागतं. ते न दिल्यानं रोप वाळतं आणि नाव वेलीचं खराब होतं.

घेताना फुलांनी लगडलेलं रोप बघून हुरळून जाऊ नका. पिशवी उचलून तळ बघा. भोकांतून जाड मुळं गुंडाळून बाहेर आली असतील तर दुसरं घ्या. बुंध्यापाशी नवा फुटवा असलेलं रोप उत्तम.

खड्डा दीड फूट खोल, त्यात दोन भाग माती, एक भाग भरड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. कुंडी अठरा इंचांहून लहान नको. पाणी तुंबलं की कंद सडतो. पानं पिवळी पडतात, ती पाण्याअभावी पडली असं वाटून आणखी पाणी घातलं जातं, आणि तिथंच वेल हातची जाते. पहिला उन्हाळा सरल्यावर दोन इंच खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

फुलांसाठी सहा तास ऊन हवंच. युरिया घातलात तर पानांचंच रान माजेल. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून हिवाळा सरताना वेल जमिनीपासून दीड फुटावर बिनधास्त छाटा.

गुलाबी दिसतात त्या खऱ्या पाकळ्या नव्हेत, म्हणूनच बी धरल्यावरही त्या गळत नाहीत. कागदासारख्या वाळून तपकिरी, तिधारी बीला कवटाळून राहतात. फुलांच्या तुऱ्याचं टोकच ताणा होऊन आधार पकडतं. जाड खांबावर ते ठरत नाही. जाळी किंवा सुतळी बांधा. मधमाश्या इतक्या येतात की दाराच्या चौकटीवर ही वेल नकोच.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो पसरण्यासाठी: पॅसिफिकमधल्या कित्येक बेटांवर ती उपद्रवी ठरली आहे. बी पाण्यावर तरंगत दूर जातं, त्यामुळे ओढ्याकाठी लावू नका. काढून टाकायची झाली तर नुसती वरून कापून भागत नाही. कंद खणून काढावे लागतात, एखादा राहिला तरी पुन्हा फुटतो.