तांब्याची म्हणून विकलेली जोडनळी

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात आहे. विहिरीतल्या साडेसात अश्वशक्तीच्या पाणबुडी मोटरला स्टार्टरपासून सुमारे 900 फूट लांबीची, 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची थ्री कोअर केबल जमिनीखालून गेलेली आहे. गेल्या जूनमध्ये पाइपलाइनची चारी खोदताना जेसीबीचा दात लागून ही केबल मधोमध तुटली. पूर्ण केबल नवी घालणे परवडणारे नव्हते, म्हणून तुटलेल्या जागी तिन्ही फेजना जोड द्यायचे ठरले. वायरमनने दोन्ही तोंडे उघडी असलेल्या, दुकानात फेरूल किंवा इनलाइन लग म्हणतात तशा, तांब्याच्या नळ्या आणायला सांगितल्या आणि एक जास्तीची घ्या असेही बजावले. त्या जास्तीच्या नळीमुळेच पुढे खरा प्रकार उघडकीस आला.

तालुक्याच्या गावी ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षे फ्यूज, टेप, स्टार्टरची कॉइल घेत आलो, तिथेच मी गेलो. दुकानदाराने डब्यातून चार पांढऱ्या, चकचकीत नळ्या काढून दिल्या. त्या तांब्याच्याच आहेत ना, असे मी स्पष्ट विचारले, तेव्हा तो म्हणाला, "दादा, आत शुद्ध तांबं आहे, वरनं नुसतं कथिलाचं पाणी दिलंय, गंजू नये म्हणून." हे उत्तर मला पटले, कारण चांगल्या तांब्याच्या लगवर कथिलाचा मुलामा असतोच. प्रत्येकी 25 रुपये, म्हणजे तांब्याच्या नळीचाच दर त्याने लावला आणि मी तो दिला. स्वस्ताच्या मोहाने मी फसलो नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पुरेसे पैसे मोजले की वस्तू खरीच मिळते अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते आणि माझीही होती. बिल मात्र मी मागितले नाही.

वायरमनने षटकोनी डायच्या दाबयंत्राने तिन्ही नळ्या व्यवस्थित दाबल्या, टेप गुंडाळला, वर स्लीव्ह चढवली आणि जोड मातीआड केला. पावसाळाभर काही जाणवले नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली आणि मोटर रोज पूर्ण पाळी चालू लागली. नोव्हेंबरमध्ये रात्रपाळीची वीज होती. एके दिवशी पहाटे बागेत गेलो तर ठिबकला थेंब नव्हता आणि स्टार्टर ट्रिप होऊन बंद पडलेला होता. वायरमनने मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचे मीटर, लावून पाहिले, तर मोटर अर्थ दाखवत होती, म्हणजे आतली वाइंडिंग जळून वीज मोटरच्या अंगात उतरत होती.

जोड उकरला तेव्हा मधल्या फेजची स्लीव्ह कोळशासारखी झाली होती. ती चाकूने कापली, तर नळीच्या जागी पांढरट, खडूच्या भुकटीसारखी पूड निघाली आणि तांब्याच्या तारांची टोके काळी पडून नळीतून सुटलेली होती. तांबे खराब झाले की काळे किंवा हिरवट दिसते, पांढरे कधीच होत नाही. ती पूड ॲल्युमिनियमची होती.

घरी उरलेली चौथी नळी हॅकसॉने कापली. वरचा मुलामा कागदाएवढा पातळ आणि आतला धातू काठोकाठ पांढरा होता; तांब्याचा लालसर रंग कुठेही नव्हता. तरीही खात्री करावी म्हणून दुसऱ्या दुकानातून त्याच मापाची, कडेला आत लाल दिसणारी नळी आणली आणि कापलेल्या नळीचे दोन्ही तुकडे घेऊन ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर नवी नळी पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरली आणि माझ्या नळीचे दोन्ही तुकडे मिळून सव्वा ग्रॅमही भरले नाहीत. तांबे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड असते, परंतु इतक्या लहान वस्तूतला हा फरक तळहातावर कळत नाही आणि विकणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

यात ॲल्युमिनियम या धातूचा दोष नाही. 16 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याइतकीच वीज नेते आणि खांबावरून येणाऱ्या बहुतेक तारा त्याच धातूच्या असतात. दोष हा की ओल्या जमिनीत तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते, त्यावर वीज न वाहू देणारा थर साचतो, शिवाय दोन्ही धातू तापल्यावर सारखे प्रसरण पावत नसल्याने दाबलेला जोड हळूहळू सैल होतो. जोडाचा रोध अवघा 0.1 ओहम झाला आणि 13 अँपियर प्रवाह वाहत असला, तर त्या बोटभर जागेत जवळपास 17 वॅट उष्णता सतत निर्माण होते. 25 वॅटची सोल्डरिंगची कांडी किती तापते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अंदाज येईल. अखेर एक फेज तुटला आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली. आमच्या स्टार्टरमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारे साधन, येणाऱ्या लाइनचे व्होल्टेज पाहणारा असल्याने स्टार्टरच्या पुढे तुटलेला फेज त्याला समजला नाही. जादा प्रवाह झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिलेही मीच कमी व्होल्टेजला कंटाळून वर चढवून ठेवलेला होता; ती माझी चूक आहे आणि आता तो मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपियरवर आणला आहे.

मोटर वर काढणे, रिवाइंडिंग आणि पुन्हा सोडणे यात साडेअकरा हजार रुपये गेले, आणि ऐन फुलोऱ्यात बाग तीन दिवस पाण्यावाचून राहिली.

आता जोडनळी घेताना मी दुकानातच तिच्या कडेवर कानस मारतो. आत लाल दिसली तरच घेतो. कानस मारू न देणाऱ्याकडून घेत नाही. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण चुंबकाने फक्त लोखंड ओळखता येते, पितळ आणि ॲल्युमिनियम त्याला चिकटतच नाहीत. नळीवर बनवणाऱ्याचे नाव आणि केबलचे माप ठोकलेले असावे, आणि त्या मापाची तार आत जेमतेम सरकावी. सैल नळीत तार दुमडून भरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. एका बाजूला तांब्याची व दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमची केबल असेल, तर त्यासाठी बायमेटॅलिक, म्हणजे दोन धातूंची, नळी वेगळी मिळते, तीच घ्यावी. जमिनीखालच्या जोडावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह हवी, नुसता टेप पुरत नाही. आमचा नवा जोड तर आम्ही जमिनीवर, खांबाला बसवलेल्या पेटीत घेतला आहे.

बिलाअभावी माझी बाजू लंगडी पडली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे, परंतु वस्तू त्याच दुकानातली होती हे दाखवणारा कागद माझ्याजवळ नाही.

दुकानात मी कापलेली नळी आणि जळलेला जोड दोन्ही घेऊन गेलो होतो. दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिले आणि माल आपला नाही असे सांगितले. मी गल्ल्यामागच्या त्याच डब्याकडे बोट दाखवले आणि त्यातली एक नळी माझ्यासमोर कापा म्हटले, तेव्हा त्याने काही न बोलता शंभराची नोट काउंटरवर ठेवली. मी निघालो तेव्हा डबा फळीवर जसाच्या तसा होता आणि माझ्या मागे उभा असलेला शेतकरी मोटरच्या केबलसाठीच थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाला दाबायचा लग, मागत होता. त्याला मी बाहेर बोलावून हे सगळे सांगितले.