गुडघ्याच्या दुखापतीनंतरचे दहा महिने : राजारामपुरीतील एका क्रीडा फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

आमच्या पेठेतील तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचे व्यवस्थापन मी गेली सहा वर्षे पाहतो. आमचा मुख्य आघाडीपटू गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शाहू स्टेडियमवर जायबंदी झाला आणि त्यानंतरचे दहा महिने त्याचे उपचार राजारामपुरीतील एका क्रीडा फिजिओथेरपी केंद्रात झाले. त्या सेवेविषयी हे लिहीत आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण नावावरून कोल्हापुरातील कोणालाही खेळाडू ओळखता येईल, आणि आपल्या गुडघ्याची माहिती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. माझे मत आधीच सांगतो. जागा, वेळा आणि कागदपत्रे यांबाबत माझ्या तक्रारी आहेत. तरीही जखमी खेळाडू पुन्हा केव्हा खेळणार हा निर्णय या केंद्राने ज्या ठामपणे स्वतःच्या हाती ठेवला, तो शहरातील प्रत्येक मंडळाने जवळून पाहावा असे मला मनापासून वाटते.

दुखापत झाली तेव्हा त्याला कोणी पाडले नव्हते. चेंडू घेऊन वळताना डाव्या बुटाचे स्टड जमिनीत अडकले, शरीर वळले, पाय तिथेच राहिला आणि गुडघा आत दुमडला. ‘टक्‌’ असा आवाज मला आतून ऐकू आला, असे तो नंतर म्हणाला. त्या संध्याकाळी आम्ही जी चूक केली ती इथे नोंदवली पाहिजे. कुस्तीच्या या शहरात मुरगळलेला हात-पाय जाणत्या माणसाकडून चोळून घेण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि साध्या लचकीवर तिचा गुणही येतो. परंतु आत रक्त साकळून फुगलेला गुडघा आम्ही गरम तेलाने चोळू दिला आणि सकाळपर्यंत तो दुप्पट झाला. बर्फ, पट्टी, पाय उंच ठेवणे आणि डॉक्टर, एवढेच त्या रात्री हवे होते. सहाव्या दिवशी एमआरआय झाले, तेव्हा एसीएल म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत तिरके बांधून ठेवणारे लिगामेंट पूर्ण तुटल्याचे कळले.

केंद्रात आम्ही पहिल्यांदा गेलो ते शस्त्रक्रियेच्या आधी, आणि तेही शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले म्हणून. मला ते अनावश्यक वाटले होते. तेथील मुख्य फिजिओथेरपिस्ट मॅडमनी वाटीच्या १० सेंटिमीटर वर पेनाने खूण केली, दोन्ही मांड्यांना टेप गुंडाळला आणि डावी मांडी उजवीपेक्षा २ सेंटिमीटरने बारीक झाल्याचे आम्हांला दाखवले. दुखापतीला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. सूज उतरल्याशिवाय, गुडघा पूर्ण सरळ झाल्याशिवाय आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला थोडी ताकद आल्याशिवाय शस्त्रक्रियेला गेले, तर नंतर पाय सरळ करण्यातच महिने जातात, हे त्यांनी त्याच्या आईला समोर बसवून समजावले. शस्त्रक्रिया मेच्या मध्यावर झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर दोन आठवड्यांत त्याचा पाय पूर्ण सरळ होऊ लागला, तेव्हा आधीच्या त्या तीन आठवड्यांचे मोल मला समजले.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. पहिले तीन महिने आठवड्यातून तीन वेळा आणि पुढे दोन वेळा जावे लागे, प्रत्येक सत्र सुमारे तासाभराचे असे. आमच्याकडून एका सत्राचे ४०० रुपये घेतले. २४ सत्रांचे पैसे एकदम भरल्यावर थोडी सवलत मिळाली. पावसाळ्यात गांधी मैदानाचे तळे होते तेव्हा धावण्याची सोय कुठेच नसते; त्या काळात सायकल, पायऱ्या आणि वजने यांवर भर होता, आणि पाऊस उघडला की सकाळी रंकाळ्याकाठी चालणे. सरळ रेषेत हलके धावणे ऑगस्टअखेर सुरू झाले. शिळ्या भाकरीवर सकाळ काढणाऱ्या या मुलाला प्रथिने किती लागतात हे त्यांनी पावडरच्या डब्याऐवजी अंडी, मटकी आणि दूध यांच्या हिशेबात सांगितले. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध पिण्याची त्याची जुनी सवय होतीच. तिला वैद्यकीय मान्यता मिळाल्याचा त्याला फार आनंद झाला.

या केंद्राचे खरे वेगळेपण उपकरणांत नाही. तिथे मोठी यंत्रे नाहीतच. वेगळेपण पहिल्याच दिवशी घातलेल्या एका अटीत होते : मंडळातर्फे एकाच माणसाने बोलायचे, प्रशिक्षकांनी खेळाडूला फोन करून ‘कधी येतोस’ असे विचारायचे नाही, आणि मैदानात उतरण्याची तारीख कोणीही आधी जाहीर करायची नाही. कोल्हापुरात ही अट पाळणे किती अवघड आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. चांगला खेळाडू हा सगळ्या पेठेचा असतो. चहाच्या गाड्यावर, देवळासमोर, लग्नाच्या पंगतीत त्याला एकच प्रश्न : “काय रे, पाय कसा हाय? कधी उतरणार?” विचारणाऱ्याच्या मनात माया असते, पण दिवसातून वीस वेळा तोच प्रश्न ऐकून एकवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या शरीराचे ऐकणे सोडून देतो.

डिसेंबरात हंगाम सुरू झाला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमचा सामना जुन्या प्रतिस्पर्धी संघाशी ठरला. शस्त्रक्रियेला साडेसात महिने झाले होते. गुडघा दुखत नव्हता, सूज नव्हती, सरावात तो सर्वांच्या पुढे धावत होता, आणि ‘मी शंभर टक्के फिट आहे’ असे त्याने मंडळाच्या बैठकीत सांगितले होते. म्हणून आमचे दोन ज्येष्ठ पदाधिकारी माझ्याबरोबर केंद्रात आले. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली, तिच्यापुढे मोजपट्टी अंथरली आणि त्याला एका पायावर उभे राहून पुढे उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायला सांगितले. उजव्या पायावर तो १६८ सेंटिमीटर गेला. डाव्या पायावर तीन वेळा उडी मारूनही त्याची सर्वांत लांब उडी १३१ सेंटिमीटर भरली, म्हणजे चांगल्या पायाच्या ७८ टक्के. मैदानात परतण्यासाठी किमान ९० टक्के हवेत, आणि तेही एका नव्हे तर निरनिराळ्या उड्यांच्या व ताकदीच्या सर्व चाचण्यांत. मग त्यांनी मोबाइलवर घेतलेले चित्रण सावकाश चालवून दाखवले. डावा पाय टेकताना गुडघा क्षणभर आतल्या बाजूला झुकत होता. एप्रिलमध्ये झुकला होता, अगदी तसाच.

“मॅडम, निदान वीस मिनिटं तरी उतरवू या,” आमच्या अण्णांनी शेवटचा प्रयत्न केला. “अण्णा, हे लिगामेंट मिनिटं मोजत नाही,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच मिनिटाला तुटलं तर पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा सगळं पहिल्यापासून.” त्यानंतर त्यांनी जे केले त्यासाठी मी या केंद्राला सर्वाधिक गुण देतो. त्यांनी ते लेखी दिले : सामना नाही, धक्काबुक्की नसलेला सराव चालेल, पुढील चाचणी सहा आठवड्यांनी. खाली सही आणि शिक्का. तोंडी ‘नाही’ पेठेत पोहोचेपर्यंत ‘बघू’ होऊन जाते. कागदावरचे ‘नाही’ मात्र मला मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर वाचून दाखवता आले. तो सामना आम्ही १-० असा हरलो. त्या रात्री मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

टीका करणाऱ्या मित्रांना मी तेव्हा रोनाल्डोची आठवण करून दिली, कारण विश्वचषकाच्या काळात ज्या ब्राझीलचे झेंडे आमच्या गल्ल्यांत लागतात त्याच ब्राझीलचा तो खेळाडू. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, फाटली. पाच महिनेही पूर्ण झाले नव्हते तेव्हा, १२ एप्रिल २००० रोजी, इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत लॅझिओविरुद्ध त्याला बदली खेळाडू म्हणून उतरवण्यात आले, आणि काही मिनिटांतच, कोणाचा धक्काही लागलेला नसताना, तीच कंडरा पूर्ण तुटली. दुखापत आमच्या खेळाडूपेक्षा वेगळी होती, पण घाईची किंमत तीच. दुसऱ्या वेळी तो एक वर्षाहून अधिक काळ थांबला आणि २००२ च्या विश्वचषकात त्याने ८ गोल केले, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच. अलीकडचे उदाहरण लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकचे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध त्याचे एसीएल गेले; पुढच्या उन्हाळ्यातील युरो स्पर्धा त्याने स्वतःहून सोडली, जुलैअखेर सराव सामन्यातून तो परतला आणि त्यानंतरच्या हंगामात त्याचा संघ चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. या मोठ्या क्लबांच्या मागे डॉक्टरांचे पथक आणि विम्याचे कवच असते. राष्ट्रीय संघाकडून खेळताना जायबंदी होऊन २८ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्या खेळाडूच्या पगाराची भरपाई क्लबला देण्याची योजना फिफाने २०१२ पासून चालवली आहे. आमच्या मुलांना यांतले काहीही नाही. म्हणूनच उपचाराचा खर्च आणि हंगामाचे ठरलेले मानधन मंडळाने पूर्ण द्यावे असा आग्रह मी धरला व तो मान्य झाला. पैशासाठी लवकर उतरण्याची वेळ खेळाडूवर आली असती, तर केंद्राच्या त्या कागदाचा काहीच उपयोग झाला नसता.

आता उणिवा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत केंद्रात इतकी गर्दी असते की ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास बसावे लागते, आणि कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावर लिफ्टविना चढवणे हे अशा केंद्राला शोभणारे नाही. सुरुवातीचा महिनाभर आम्ही दोघे त्याला खुर्चीवर बसवून वर नेत होतो. दिशा बदलत वेगाने धावण्याच्या सरावासाठी केंद्राकडे स्वतःचे मैदान नाही. तो भाग आम्हांला आमच्या मैदानावर करावा लागला आणि मॅडम तिथे फक्त चार वेळा येऊ शकल्या. सर्व अहवाल इंग्रजीत येतात. खेळाडूच्या आईला त्यातील एक अक्षरही कळत नव्हते, आणि दहा महिने त्याचा पाय उचलून व्यायाम करून घेणारी तीच होती. तिच्यासाठी मराठीत एक पान लिहून देणे काहीच अवघड नाही. मी दोनदा सांगितले, अजून झालेले नाही. मनाच्या धास्तीकडेही अधिक लक्ष हवे होते. ऑक्टोबरमध्ये काही आठवडे तो कोणाशी बोलत नव्हता, तेव्हा त्याला डगआऊटमध्ये बसवून नव्या मुलांचे फटके टिपण्याचे काम आम्हीच दिले.

फेब्रुवारीतील चाचणीत उजवा पाय १७२ आणि डावा १६० सेंटिमीटर गेला, म्हणजे ९३ टक्के. उरलेल्या चाचण्याही तो पार झाला. त्यानंतरही केंद्राने त्याला थेट सामन्याला सोडले नाही. दोन आठवडे संपूर्ण सराव, मग पंधरा मिनिटे, मग अर्धा सामना, अशी पायरी आखून दिली. मार्चमध्ये तो शाहू स्टेडियमवर ७५ व्या मिनिटाला उतरला. गोल झाला नाही. एकदा बचावपटूला चकवून तो डाव्या पायावर जोरात वळला, तेव्हा माझा श्वास अडकला होता. तो मात्र मागे न पाहता पुढे धावत गेला.

आठवड्यातून एकदा ताकदीच्या व्यायामासाठी तो आजही केंद्रात जातो, आणि पुढील दोन वर्षे त्याने जावे असे मॅडमचे सांगणे आहे. ऑगस्टमध्ये आमच्या सर्व खेळाडूंची गुडघे व मांड्यांची तपासणी तिथेच करून घेण्याचे मंडळाने ठरवले आहे. इतर मंडळांनी विचारणा करायची असल्यास सकाळी अकराच्या सुमारास जावे. त्या वेळी गर्दी कमी असते आणि मॅडम शांतपणे बोलतात.