८×४२ दुर्बीण आणि देवळांची शिखरं: अकरा महिन्यांचा अनुभव

ही दुर्बीण बनवली आहे पक्षी बघणाऱ्यांसाठी. मी घेतली ती देवळं बघायला. पंधरा वर्षं मी देवळं पाहत आले आणि तेवढी वर्षं माझी नजर जंघेवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींवरच, अडकून राहिली. मान वर केली की शिखर म्हणजे एक काळसर, नक्षीदार सुळका. आकृत्या पाठ होत्या, पण प्रत्यक्ष दगडात त्या सापडत नव्हत्या. आता सापडतात, म्हणून एवढं लांबलचक लिहिते आहे.

आधी ८×४२ च का ते सांगते. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहापटीचा मोह होतो, पण हातात धरून दहापटीत चित्र थरथरतं आणि शिखराचा इतका लहान तुकडा दिसतो की आपण नेमके कुठे आहोत तेच कळेनासं होतं. ४२ ला ८ ने भागलं की ५.२५ येतात; डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढे मिलिमीटर रुंद. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये तो जेमतेम २.६. भर उन्हात फारसा फरक जाणवत नाही. सभामंडपाच्या अंधाऱ्या छताकडे बघताना मात्र मोठीत नक्षी दिसते आणि छोटीत काळोख.

पहिली खरी परीक्षा कर्नाटकातल्या पट्टदकलला झाली. आठव्या शतकात चालुक्यांच्या राजवटीत इथे नागर (उत्तरेकडची, सलग चढणाऱ्या शिखराची) आणि द्राविड (दक्षिणेकडची, मजल्यामजल्यांच्या शिखराची), दोन्ही पद्धतींची देवळं शेजारीशेजारी उभी राहिली. विरूपाक्ष हे राणी लोकमहादेवीने, पती विक्रमादित्य दुसरा याच्या कांचीवरच्या विजयानिमित्त बांधवलेलं. त्याच्या विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, दुर्बीण लावली आणि मजले सुटे झाले. प्रत्येक मजल्याच्या कडेने इवल्या देवळांची रांग: कोपऱ्यावर चौकोनी कूट, मध्ये अर्धगोल छपराची लांबट शाला. द्राविड शिखर म्हणजे देवळांवर रचलेली देवळंच, हे तेव्हा डोळ्यांना पटलं.

त्याच आवारातल्या काशीविश्वनाथाचं शिखर नागर, अंगभर गवाक्षांची जाळी ल्यालेलं. हा गवाक्ष म्हणजे कार्ल्याच्या बौद्ध लेण्यातल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागातली ती भव्य, घोड्याच्या नालेसारखी कमान. मुळात ती लाकडी इमारतीतली. लेण्यात दगडात उतरली आणि पुढे लहान होत होत शिखरावरची नक्षी झाली. हे मी कितीदा वाचलं होतं! पण एकेक कमान वेगळी दिसून तिची शेजारणीत गुंतलेली टोकं हेरता आली, तेव्हा कार्ले ते पट्टदकल हा काही शतकांचा प्रवास एका दगडी जाळीत दिसला. नागर शिखराच्या कोपऱ्यांवर ठरावीक अंतराने चपटे, खाचांचे आमलक असतात, तेही इथे ओळखायला शिकले. दोन आमलकांमधला भाग म्हणजे एक भूमी, दाबून बसवलेला मजला. म्हणजे सलग वाटणाऱ्या सुळक्यालाही मजले आहेतच, फक्त ते मिटलेले आहेत.

ऐहोळेला मेगुती टेकडीवरचं जैन मंदिर पाहिलं. तिथला कवी रविकीर्तीचा शिलालेख शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४ चा. इतकं जुनं आणि नेमकी तारीख सांगणारं देऊळ म्हणून तिथे जायलाच हवं, पण दुर्बिणीला तिथे फारसं काम नाही.

वेरूळला मात्र ती गळ्यातून उतरली नाही. कैलासाच्या बाजूने डोंगरावर जाणारी वाट धरा आणि वरून बघा. मंडपाच्या छतावर कोरलेलं कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह अगदी समोर येतात. विमानावर पुन्हा तीच कूट-शालांची रांग, विरूपाक्षाची आठवण करून देणारी. फक्त इथे ती रचलेली नाही, वरून खाली खोदत नेलेली आहे. शिखर आधी, पाया शेवटी. राष्ट्रकूटांच्या काळातली ही हिंमत जैन लेण्यांतही दिसते. ३० व्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात ते उगाच नाही. ३२ व्या, इंद्रसभेच्या अंगणात अखंड दगडातलं चौमुखी देऊळ आहे. तिच्या छतावर जुन्या रंगचित्रांचे अवशेष आहेत. नुसत्या डोळ्यांना मला ते डाग वाटायचे. भिंगातून आकृत्या दिसल्या. दुर्बिणीचे पैसे माझ्यापुरते तिथेच वसूल झाले.

आता घराजवळचं. अंबरनाथच्या शिवमंदिरात इ. स. १०६० चा शिलालेख आहे, आणि आपल्याकडे त्यालाही सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. तो जन्मायच्या कितीतरी आधी हे देऊळ उभं होतं! या शब्दाचा मला मनापासून त्रास होतो, कारण चुना न वापरता दगड बसवले एवढंच तो सांगतो आणि शिखराबद्दल अवाक्षर काढत नाही. अंबरनाथचं शिखर भूमिज आहे, म्हणजे उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या ओळी अशा रचनेचं. वरचा भाग पडलेला असला तरी ते पट्टे आणि त्या ओळी ओळखता येतात. तीच रचना पूर्ण बघायची तर सिन्नरचं गोंदेश्वर. चार दिशांना चार लता, म्हणजे तेच उभे पट्टे, त्यांच्यामध्ये माळेतल्या मण्यांसारखी, वर जाताना लहान होत जाणारी शिखरं. सकाळी लवकर जा. तिरपं ऊन पडतं तेव्हा प्रत्येक मणी स्वतःची सावली घेऊन उभा असतो. दुपारी बारा वाजता सगळं सपाट.

अबूला विमलवसही (१०३१) आणि लूणवसही (१२३०) ही दिलवाड्याची जैन मंदिरं पाहिली. आत कॅमेऱ्याला मनाई, म्हणून दुर्बिणीसाठी दारातच विचारून घेतलं, तुम्हीही विचारा. इथल्या घुमटांना खरी कमान नाही. दगडांची कडी, तिच्यावर थोडी आत सरकलेली दुसरी कडी, अशी वर्तुळं मिटत नेलेली आहेत. विमलवसहीच्या रंगमंडपात सोळा विद्यादेवी त्या वर्तुळाभोवती उभ्या आहेत. एकेकीच्या हातातलं आयुध बघत मी मान अवघडेपर्यंत थांबले.

खजुराहोला कंदरिया महादेवाची एकमेकांना बिलगलेली उरुशृंगं, म्हणजे मुख्य शिखराला टेकलेली छोटी शिखरं, बघायला गेले होते, आणि रमले पार्श्वनाथ मंदिरात. दहाव्या शतकातलं हे जैन मंदिर. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर राम, सीता आणि हनुमान आहेत. दैवत बदललं तरी घडवण्याची भाषा तीच राहिली. हिंदू मंदिरं आणि जैन मंदिरं अशा दोन वेगळ्या वह्या घालून माझं चुकत होतं, हे तिथे उमगलं.

तक्रारीही आहेत. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, सोबतच्या बारीक पट्ट्याने मान दुखते. मी पाठीवरून फिरणारा रुंद पट्टा वेगळा घेतला. चष्मा लावून बघायचं तर डोळ्यांजवळची रबरी कडी पूर्ण आत फिरवावी लागते, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. त्यातली डावी कडी आठव्या महिन्यात सैल झाली. पावसाळ्यात भिंगांना बुरशीची भीती असते, म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते.

सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो आधी मिळालेल्या नगाचा. दोन नळ्या एका रेषेत नव्हत्या. सिन्नरला अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागलं आणि मी दोष माझ्या चष्म्याला देत बसले. विक्रेत्याने तीन आठवडे घोळवून मगच बदलून दिली. त्यामुळे घेताना दुकानातच समोरच्या इमारतीची आडवी कड बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही नळ्यांतली रेघ एकाच उंचीवर राहिली, तरच पैसे द्या.