प्रमाणपत्र मिळाले, परीक्षा झालीच नव्हती

पुण्यातील एका लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात सहा वर्षे काम केल्यावर माझ्या हाताला सफाई आली होती, पण दाखवायला कागद एकही नव्हता. आयटीआय मी अर्धवट सोडलेले. मदरबोर्डवरचा शॉर्ट शोधणे, हॉट एअरने आयसी, म्हणजे चिप, उतरवणे, बीजीए मशीनवर रिबॉलिंग करणे (चिपखालचे सोल्डरचे बारीक गोळे नव्याने बसवणे) हे सगळे दुकानमालक काकांच्या शेजारी बसून शिकलो होतो. एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी लागावी, पगार ठरलेल्या तारखेला मिळावा आणि प्रॉव्हिडंट फंड कापला जावा, एवढीच माझी अपेक्षा होती आणि त्यासाठी ‘ॲपल सर्टिफाइड’ हा शिक्का लागतो असे मी धरून चाललो होतो. या समजुतीपायी २०२३ साली मी ४४,००० रुपये घालवले. ते कसे गेले हे सविस्तर लिहीत आहे, कारण मला जे सांगितले गेले त्यातल्या निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्याच आडोशाने खपून गेल्या.

संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. एका व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, काचेच्या दारावर अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाचे चित्र आणि आत ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत असे चाळिशीतले गृहस्थ, असा तो थाट होता. सरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की ॲपलने २०२२ मध्ये नव्या परीक्षा सुरू केल्या आहेत, त्या दोन आहेत, प्रत्येकीची फी १४९ डॉलर आहे आणि त्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीमार्फत घेतल्या जातात. घरी येऊन मी मोबाइलवर शोधले, तर हे सगळे जसेच्या तसे खरे निघाले. दोन परीक्षांचे २९८ डॉलर म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेचोवीस हजार रुपये होत होते आणि सरांनी ‘टॅक्स धरून’ २६,००० सांगितले होते. आकडा जुळला म्हणजे माणूस खरा, असा हिशेब मी केला. प्रशिक्षणाचे १८,००० वेगळे होते.

मी जे शोधले नाही ते असे, की त्या दोन परीक्षांचा दुरुस्तीशी संबंधच नाही. २०२२ मध्ये आलेल्या त्या परीक्षा कार्यालयांत ॲपलची उपकरणे सांभाळणाऱ्या आयटी कर्मचाऱ्यांसाठी आहेत: पहिली उपकरणांच्या सपोर्टची आणि दुसरी शेकडो उपकरणे एकाच वेळी कामाला लावून त्यांचे व्यवस्थापन करण्याची. त्यांत स्क्रू कुठला आणि बॅटरी कशी काढायची याला स्थान नाही. शिवाय त्यांच्या तयारीचे साहित्य ॲपल स्वतःच्या संकेतस्थळावर विनामूल्य देते. मॅक, म्हणजे ॲपलचा संगणक, दुरुस्त करणाऱ्याचे प्रमाणपत्र वेगळे असते. या धंद्यात ते एसीएमटी, म्हणजे ॲपल सर्टिफाइड मॅक टेक्निशियन, या नावाने ओळखले जाते. सरांनी नाव दुरुस्तीच्या प्रमाणपत्राचे घेतले, फी सपोर्टच्या परीक्षांची सांगितली आणि शिकवले तिसरेच. या तीन गोष्टी एकमेकींना जोडून पाहण्याचे काम माझे होते, आणि ते मी केले नाही.

शिकवले ते चिप लेव्हल, म्हणजे बोर्डावरची चिप उतरवून-बसवून करायची दुरुस्ती, आणि शंका यायला हवी होती ती नेमकी येथेच. ॲपलच्या अधिकृत सेंटरमध्ये लॉजिक बोर्ड (ॲपलच्या भाषेत मदरबोर्ड) बिघडला तर तो बदलतात, सोल्डरिंगचे टोक त्याला लावत नाहीत. त्यामुळे तेथील तंत्रज्ञाच्या अभ्यासात स्थिर विजेपासून भाग वाचवणे, मनगटाला पट्टा बांधून मॅटवर काम करणे, फुगलेली बॅटरी सुरक्षित हाताळणे, निदान पायरीपायरीने करणे आणि ग्राहकाशी नीट बोलणे या गोष्टींना वजन असते. आमच्या क्लासमध्ये मनगटपट्टा एकच होता आणि तोही खोक्यात पडलेला. मॅकबुकच्या तळाचे पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू उघडायला दोन मुले सुरीचे टोक वापरत होती आणि सर पाहत होते. मला त्या बारा जणांच्या बॅचमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त काम येत होते, म्हणून मला बरे वाटत होते; फसवणुकीच्या काळात माणसाला मधूनमधून बरे वाटत असते, हेही सांगून ठेवतो.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक आमिष आले. ६,००० रुपये जादा भरल्यास जीएसएक्सचे लॉगिन मिळेल असे सरांनी सांगितले. जीएसएक्स ही ॲपलची आतली सेवाप्रणाली आहे. सिरीयल नंबरवरून वॉरंटी पाहणे, सुटे भाग मागवणे आणि दुरुस्तीची नोंद करणे ही कामे तिच्यातून होतात आणि तिचा प्रवेश ॲपल आपण मान्यता दिलेल्या संस्थांनाच देते. बाहेरच्या माणसाला विकले जाणारे लॉगिन हे कुठल्या तरी सेंटरमधल्या कर्मचाऱ्याचे परस्पर वापरलेलेच असणार. मी ते घेतले नाही, पण त्यात माझ्या सचोटीचा भाग फार नव्हता. खिशात पैसे उरले नव्हते.

यापुढचा भाग लिहिताना लाज वाटते, पण तो गाळला तर या लेखाला अर्थ राहणार नाही. परीक्षेच्या दहा दिवस आधी सरांनी आम्हा सर्वांना व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. तीत १२० प्रश्न उत्तरांसह होते आणि खाली सूचना होती: ‘हेच येणार आहेत, बाहेर पाठवू नका.’ प्रश्न फुटलेले आहेत हे आम्हा सगळ्यांना कळले आणि एकानेही हरकत घेतली नाही. मी तर दोन रात्री जागून ते पाठ केले. असे प्रश्न वापरणे हा परीक्षेच्या कराराचा भंग असतो आणि उघड झाल्यास निकाल रद्द होतो, हे मला तेव्हा अंधुकपणे ठाऊक होते. आज मागे वळून पाहताना असे वाटते की ती पीडीएफ आम्हाला पास करण्यासाठी नव्हतीच, कारण परीक्षाच खोटी होती. ती आमची तोंडे बंद करण्यासाठी होती. पुढे मी पैसे परत मागितले तेव्हा सर शांतपणे म्हणाले, “पोलिसांत अवश्य जा, फक्त पेपर आधी मिळाला होता हेही तिथे सांगा.”

ज्याला परीक्षा म्हटले गेले, ती त्याच दोन खोल्यांत झाली. संगणकावर एक वेबपान उघडलेले होते, वर सफरचंदाचे चित्र होते, ६० प्रश्न होते आणि ते सगळे त्या १२० मधले होते. माझा मोबाइल माझ्या खिशात होता. ओळखपत्र कोणी मागितले नाही. सरांचा मदतनीस दोनदा चहा घेऊन आला आणि शेजारच्या मुलाला एक उत्तर सांगूनही गेला. शेवटचे बटण दाबताच हिरव्या अक्षरांत ‘पास’ असे आले.

खरी परीक्षा कशी असते हे मला पुढच्या वर्षी कळले, जेव्हा मी कॉम्पटिया या संस्थेची संगणक तंत्रज्ञांसाठीची ए प्लस परीक्षा द्यायला पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर गेलो. ती कुठल्या एका उत्पादकाची परीक्षा नाही, पण केंद्राची रीत मला पाहायला मिळाली. नोंदणी आपण स्वतः, स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या खात्यातून करायची. खात्यातले नाव आणि शासकीय ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. केंद्रावर सही घेतली, कॅमेऱ्याने छायाचित्र काढले, घड्याळ आणि मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावले, खिसे उलटे करून दाखवायला सांगितले आणि चष्मासुद्धा काढून तपासला. प्रश्न सुरू होण्याआधी गोपनीयतेचा करार पडद्यावर आला. हीच कंपनी घरबसल्या परीक्षा घेते तेव्हाही खोलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे पाठवावी लागतात, दुसरा मॉनिटर चालत नाही आणि निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो. क्लासच्या मालकाने चहा पाठवण्याची सोय यात कुठेच नाही.

प्रमाणपत्र चार दिवसांत आले, लॅमिनेशन केलेले, होलोग्राम लावलेले. त्यावर क्यूआर कोडही होता. तो स्कॅन केल्यावर माझे नाव, छायाचित्र आणि ‘व्हेरिफाइड’ हा शब्द दिसत असे. पण पान उघडे ते त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर, ॲपलच्या नव्हे. आईने ते देवघराशेजारी टेकवून ठेवले होते.

ऑक्टोबरमध्ये एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मुलाखतीला गेलो. व्यवस्थापक मॅडमनी प्रमाणपत्र हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि विचारले, “तुमचा टेक आयडी काय?” टेक आयडी म्हणजे ॲपलकडे असलेला तंत्रज्ञाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक. मी प्रमाणपत्रावरचा क्रमांक वाचून दाखवला. त्यांनी तो तपासला, नंतर प्रमाणपत्रावरील पदवीचे नाव पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, “या नावाचं सर्टिफिकेट मी बारा वर्षांत पाहिलेलं नाही. तुमच्यासारखी तीन मुलं या वर्षी येऊन गेली.” नंतर त्यांनी जे सांगितले ते मला जास्त लागले: त्या सेंटरला प्रमाणपत्र असलेला उमेदवार हवाच नव्हता. हात चांगला असलेला माणूस ते आधी नोकरीवर घेतात आणि मग स्वतःच त्याला प्रशिक्षण देऊन परीक्षेला बसवतात. सहा वर्षांचा अनुभव सांगून मी मे महिन्यातच तेथे गेलो असतो तर माझा विचार झाला असता. आता मात्र बनावट कागद घेऊन आलेला उमेदवार अशी माझी नोंद झाली होती.

ज्यांना नोकरी नको, स्वतःचे दुकान चालवायचे आहे, त्यांच्यासाठीही एक गोष्ट लिहून ठेवतो. ॲपलने ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र दुरुस्ती दुकानांसाठी एक योजना सुरू केली आणि मार्च २०२१ मध्ये तिचा विस्तार भारतासह २०० हून अधिक देशांत करण्याचे जाहीर केले. दुकानात प्रमाणित तंत्रज्ञ असावा ही तिची अट आहे. पण योजनेत सामील होण्यास शुल्क नाही आणि तंत्रज्ञाचे प्रमाणीकरणही विनाशुल्क आहे, असे कंपनीने ती जाहीर करतानाच सांगितले होते. जे फुकट मिळण्याची शक्यता होती त्यासाठी मी ४४,००० मोजले, त्यातले १०,००० आप्पांनी सोसायटीतून उचललेले.

पैसे परत मिळवण्याचे प्रयत्न तीन दिशांनी केले. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन केला, पण पैसे जाऊन पाच महिने झाले होते आणि ती यंत्रणा पैसे खात्यात गोठवण्यासाठी असल्याने तिचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. पोलीस ठाण्यात हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले; मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली. (जुने कलम ४२० आता रद्द झाले, त्यामुळे तुझी केस उडाली, असा सल्ला मला दोघांनी दिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले हे खरे, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागू राहतो.) शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तेथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तेथे कामाला आले ते पुरावे, आणि ते माझ्याजवळ होते हे केवळ नशीब. रोख दिलेल्या ८,००० रुपयांची पावती साध्या कागदावर होती, जीएसटी क्रमांक नसलेली. त्या रकमेबद्दल आता ते कानांवर हात ठेवतात. उरलेले ३६,००० यूपीआयने गेले होते, संस्थेच्या नव्हे तर सरांच्या पत्नीच्या खात्यात, पण निदान त्याची नोंद राहिली. व्हॉट्सॲपवरचे संदेश मी पुसले नव्हते. त्या पीडीएफसह सगळे जोडले, कारण आपली चूक आपणच आधी मांडली की तिची धमकी उरत नाही. आयोगाची नोटीस गेल्यावर १५,००० घेऊन मिटवून टाका असा निरोप आला. तो मी नाकारला.

प्रवेश घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारला असता तर पुरे होते: परीक्षेची नोंदणी माझ्या ईमेलवरून, माझ्या खात्यातून, माझ्यासमोर करून द्याल का? फी मी थेट परीक्षा कंपनीला भरीन, तुम्हाला फक्त शिकवण्याचे पैसे देईन. याला ज्याने ‘आमच्या थ्रूच होते’ असे उत्तर दिले असते, त्याच्या जिन्यावरून मी परत फिरलो असतो.

बॅचमधल्या अकरा जणांना मी फोन केले. चौघे तक्रारीत सामील झाले, तिघांनी फोन उचलणे बंद केले, दोघांनी गावाकडे दुसरे काम धरले आहे. एकाला अजूनही प्रमाणपत्र खरे वाटते. अकराव्याने हडपसरला दुकान टाकले आहे; मी त्याला भेटायला गेलो तेव्हा काउंटरच्या मागे ते प्रमाणपत्र सोनेरी फ्रेममध्ये लावलेले होते आणि एक बाई आपल्या मुलीचे मॅकबुक त्याच्या हवाली करत होत्या. त्या गेल्यावर मी त्याला सगळे सांगितले. त्याने ते माझ्याआधीच ओळखले होते. “गिऱ्हाईक कुठं तपासतंय,” तो म्हणाला आणि फ्रेमवरची धूळ पुसून पुन्हा कामाला लागला.