किटमधलं इंजिन सजवावं की रेझिनचं मागवावं?

प्रश्न नेहमीचाच आहे. विमानाच्या मॉडेलच्या किटमध्ये, म्हणजे सुट्या भागांच्या डब्यात, येणारं प्लॅस्टिकचं इंजिन तारा-नळ्या जोडून सजवायचं, की आयरेस, क्विकबूस्ट, एडुआर्ड या कंपन्यांपैकी कुणाचं तरी रेझिनचं (साच्यात ओतलेल्या राळेसारख्या पदार्थाचं) तयार इंजिन मागवून बसवायचं? पैशाचा हिशेब नंतर करू. मॉडेल पुरं होऊन काउलिंग (इंजिनावरचं आवरण) बसल्यावर त्या इंजिनाचा किती भाग दिसणार, ते आधी बघा. माझ्या मते निम्मा निर्णय तिथंच होतो.

बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आणि प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे आपल्याकडच्या मुलांना भारतीय खुणांच्या विमानांची ओढ जास्त, म्हणून उदाहरणंही बहुतेक तीच घेतो. हार्वर्डचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प, ९ सिलिंडर, एकच रांग. समोरून काउलिंग उघडं, त्यामुळे नऊच्या नऊ सिलिंडर दिसतात. डाकोटात १४ सिलिंडरचं ट्विन वास्प, दोन रांगांचं. पुढची रांग स्पष्ट दिसते, मागची फटीफटीतून. शिवाय डाकोटाला इंजिनं दोन, म्हणजे रेझिनचा खर्चही दुप्पट. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात वापरलेलं टेम्पेस्ट मार्क २ घेतलंत तर त्याचं १८ सिलिंडरचं सेंटॉरस भल्यामोठ्या स्पिनरच्या (पंख्याच्या मध्यावरच्या टोपीच्या) मागे दडलेलं असतं. तिथं रेझिनवर पैसे घालणं म्हणजे अंधारात डोळा मारणं. स्पिटफायर, हरिकेनचं मर्लिन तर पॅनेल उघडी ठेवल्याशिवाय कुणाला दिसतच नाही.

उरलं थंडरबोल्ट. काउलिंगचं तोंड मोठं आणि आत १८ सिलिंडरचं डबल वास्प. खरा पेच इथंच पडतो.

किटमधल्या इंजिनात साधारण काय नसतं ते सांगतो. मुख्य म्हणजे इग्निशनच्या वायरी नसतात. या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एक पुढे, एक मागे. पुढच्या गिअरकेसभोवती एक कडी असते, तिच्यातून वायरी निघून प्लगांकडे जातात. हार्वर्डला हिशेबाने १८ वायरी झाल्या, पण मागच्या दिसत नाहीत, त्यामुळे पुढच्या ९ घातल्या की भागतं. डबल वास्पला ३६ होतात, त्यांतही जेवढ्या समोरून दिसतील तेवढ्याच घाला. सगळ्या घालायचा हट्ट धरणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याकडे वेळ बराच असावा.

तारेसाठी परदेशातून काही मागवायची गरज नाही. चिकोडी, निपाणीपासून खानापूरपर्यंत शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करणारी दुकानं गावोगाव आहेत. तिथं तांब्याची वायंडिंग वायर गेजवर मिळते, आणि तुम्हाला लागतो तेवढा तुकडा दुकानदार बहुधा हसतच देतो. ३६ गेज म्हणजे साधारण ०.१९ मिमी, ३८ गेज म्हणजे ०.१५ मिमी. १:४८ च्या (खऱ्या विमानाच्या ४८ पट लहान) मॉडेलला ३६ चालते, १:७२ ला ३८ किंवा त्याहून बारीक ४०. खऱ्या मापात धरलं तर १:४८ ला ०.१९ मिमी म्हणजे ९ मिमीच्या आसपास जाडी, डोळ्याला पटते. कडीला ०.३ मिमीच्या ड्रिलनं हातानंच भोकं पाडायची आणि तारेचं टोक सुपरग्लूच्या थेंबानं बसवायचं. पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या किटमध्ये बहुतेक वेळा सिलिंडरलाच चिकटून ओतलेल्या असतात. जमलं तर खरवडून काढा आणि जरा जाड तार घाला. सेंटॉरसला मात्र पुशरॉड घालायला जाऊ नका, ते स्लीव्ह व्हॉल्व्हचं इंजिन आहे, त्याला पुशरॉड नसतातच.

आता रेझिन. त्याच्या बाजूनं एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे आपली कलाकारी लंगडी पडते: सिलिंडरवरच्या फिन्स, म्हणजे तो थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या. प्लॅस्टिकच्या साच्यात त्या जाड आणि उथळ येतात, रेझिनमध्ये बारीक आणि खोल. त्यामुळे काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) मारल्यावर रेझिनचं इंजिन खरंखुरं दिसतं, प्लॅस्टिकचं जरा बथ्थड. पण तयार म्हटलं तरी ते तयार नसतं. कोमट साबणाच्या पाण्यात धुवावं लागतं, नाहीतर साच्यातलं तेलकट रसायन रंग धरू देत नाही. ओतकामाचा ठोकळा करवतीनं कापावा लागतो. रेझिनची धूळ फुप्फुसाला वाईट, तेव्हा पाणी लावून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. प्लॅस्टिकचा सिमेंट त्याला चिकटत नाही, सुपरग्लू किंवा इपॉक्सीच लागतो. सगळं झाल्यावर कळतं की इंजिन काउलिंगमध्ये मावत नाही, कारण किटचं काउलिंग खऱ्यापेक्षा मापानं जाड असतं. मग ते आतून घासून पातळ करत बसा. हल्ली थ्रीडी प्रिंटची इंजिनंही मिळतात, कोरीव काम त्याहून सुरेख, पण ठिसूळ. आधाराच्या काड्या तोडताना पुशरॉडही तुटतो.

परदेशातून मागवलं तर टपालखर्च आणि कस्टमची ड्युटी धरूनच किंमत मोजा.

एवढं सगळं खरं असलं, तरी पाहणाऱ्याचा डोळा आधी रंगावर जातो. चांगलं रंगवलेलं किटचं इंजिन वाईट रंगवलेल्या रेझिनच्या इंजिनाला मागे टाकतं, आणि रंगकाम दोन्हीकडे तेच.

रंगाची निवड आपल्या हवेवर ठरते. लॅकर, म्हणजे मिस्टर कलर किंवा अल्क्लॅडसारखे, धातूचा पोत सगळ्यांत छान देतात, पण जून ते सप्टेंबर ते बेळगावात मारू नका. दमट हवेत लॅकर वाळताना त्यावर पांढुरकी साय येते. आंबोलीच्या बाजूच्या पावसात तर बोलायलाच नको. शिवाय वास उग्र, आणि ज्वलनशील म्हणून विमान-पार्सलनं सहसा येत नाहीत. ॲक्रिलिक पावसात बरे, वास कमी. फक्त मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत एअरब्रशच्या टोकावर सुकून अडकतात, तेव्हा थोडा रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारं द्रव्य) घाला. व्हालेहोचे मेटल कलर ॲक्रिलिक असूनही धातूसारखे उतरतात, माझा कल त्यांच्याकडे. हंब्रोलचे इनॅमल ब्रशनं मारायला सर्वांत सोपे, पण वाळायला फार वेळ घेतात आणि त्यावर तेलरंगाचा वॉश मारला की खालचा थर सुटण्याची भीती.

वॉश हाच या कामाचा जीव. बेस ॲक्रिलिकचा किंवा लॅकरचा, त्यावर ॲक्रिलिक क्लिअरचा एक हात, मग कॅमलच्या तेलरंगातला काळा आणि थोडा बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फिन्समध्ये सोडायचा. आपोआप पसरतो. उघड्या प्लॅस्टिकवर टर्पेंटाइन साचू देऊ नका, तडे जातात.

आणि सगळं इंजिन एकाच चंदेरीत बुडवू नका. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं ओतीव, खालचं बॅरल पोलादाचं, तेव्हा दोन छटा हव्यात, बॅरल जरा काळपट. ज्यानं ॲल्युमिनियमचं कच्चं कास्टिंग हातात घेतलंय, आणि उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, आपल्या गावात असे कमी नाहीत, त्याला माहीत आहे की ते चकाकत नाही, राखी असतं. अमेरिकन इंजिनांची गिअरकेस बहुधा राखाडी रंगवलेली असते. छटा मात्र विमानागणिक बदलते, त्या विमानाचा फोटो बघूनच ठरवा. शेवटी फिन्सच्या कडांवर जवळजवळ कोरड्या ब्रशनं फिकट ॲल्युमिनियम ओढायचं.

तर माझं मत असं. पहिलंच विमान असेल तर हार्वर्ड घ्या, इंजिन किटमधलंच ठेवा, पुढच्या ९ वायरी घाला आणि वाचलेल्या पैशात मेटल कलरच्या दोन बाटल्या आणा. १:७२ डाकोटालाही तेच, फक्त पुढच्या रांगेला वायरी. १:४८ थंडरबोल्ट पॅनेल उघडून ठेवणार असाल, तर रेझिनला पर्याय नाही, कारण तेव्हा मागची रांग आणि तिच्यामागच्या नळ्याही दिसतात, आणि ते सगळं हातानं करायला एक पावसाळाही पुरत नाही. पॅनेल बंद ठेवणार असाल तर टामियाचं किट घ्या, त्यातलं इंजिन मुळातच बरं आहे. टेम्पेस्टला स्पिनर लावा आणि मोकळे व्हा.